एकाआड एक

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने गेल्या वर्षी इंदूरला एम.एस्सी. पूर्ण केले. शेवटच्या सहामाहीत विद्यार्थ्याने एखाद्या प्रयोगशाळेत राहून छोटासा प्रबंध लिहावयाचा असतो. तिने विषय घेतला तो रोगप्रतिकारशास्त्रातला, म्हणजे संसर्ग झाला असता शरीर त्याला कसे उत्तर देते याचा. आणि प्रयोगशाळा मिळाली ती पुण्याची. आमचे घराणे होळकरांच्या चाकरीत मालव्यात आले त्याला आता आठ पिढ्या होतील. हातोदची शेती आणि इंदूरची नोकरी यांतच घर रमले. पुण्याशी संबंध उरला तो लग्नमुंजींपुरता. त्यामुळे मुलगी पुण्याला निघाली तेव्हा माझ्या शहाऐंशी वर्षांच्या आईला कौतुकही वाटले आणि काळजीही. रोज रात्री जेवणे आटोपली की तिचा फोन येई आणि आम्ही सारे भोवती जमत असू.

फेब्रुवारीतल्या एका रात्री ती नेहमीसारखी बोलेना. इकडचे तिकडचे विचारून झाल्यावर म्हणाली, "काका, आज मी वीस निरोगी उंदरांना रोग दिला."

मी काहीतरी समजुतीचे बोललो, पण 'रोग दिला' हे शब्द मनातून जाईनात. आपण औषध देतो, दान देतो, आशीर्वाद देतो. शाप देतात, पण तोही काही अपराध घडल्यावर. ज्याने काहीच केलेले नाही अशा जीवाला समजूनउमजून, तारीख ठरवून, मोजून-मापून रोग द्यायचा, ही गोष्ट आपल्या नेहमीच्या नीतिकल्पनांत कुठेच बसत नाही. त्यातही एक बारकावा होता. वीसांपैकी दहा उंदरांना आधी एक संरक्षक डोस दिलेला होता. उरलेल्या दहांना नुसते मिठाचे पाणी टोचले होते. मग सर्वांनाच मागच्या पायाच्या तळव्यात रोगजंतू टोचले. कोणता उंदीर कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरले. "चिठ्ठ्या मीच उचलल्या," ती म्हणाली. "हा इकडे, तो तिकडे. काका, मला पुढे पीएच.डी. करायची आहे. पण हे असंच करत राहायचं का?"

प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. आयुष्य शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवण्यात गेले. परंतु हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतल्या माणसांचा नाही, असे मला हळूहळू वाटू लागले. तसे का वाटले, ते वाचकांपुढे ठेवतो.

हा अभ्यास जिवंत प्राणीच का मागतो, हे प्रथम पाहू. लहानपणी शेतात अनवाणी धावताना पायात काटा मोडे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जांघेत गाठ येई. आई म्हणे, "अवधाण आलंय, शेक घे." काटा पायात आणि गाठ जांघेत, हे कोडे मला तेव्हा उलगडले नव्हते. पुतणीने ते समजावले. जखमेतून जंतू आत शिरले की काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात आणि जंतूंना गिळू लागतात. त्याच वेळी आणखी एका जातीच्या पेशी जंतूचे तुकडे उचलून जवळच्या लसिका ग्रंथीकडे, म्हणजे पायाच्या बाबतीत जांघेकडे, नेतात. तेथे असंख्य टी-पेशी असतात, आणि त्यांतल्या एखाद्याच पेशीला तो तुकडा ओळखता येतो. ती पेशी दुणावत, चौपट होत जाते, ग्रंथी फुगते, काही दिवसांनी तयार झालेल्या पेशी आणि प्रतिपिंडे जखमेकडे परततात. रोग बरा झाल्यावरही त्यांतल्या काही पेशी ती आठवण बाळगून राहतात. लस म्हणजे रोगावाचून दिलेली ही आठवण.

याचा अर्थ असा की, संसर्गाला उत्तर देतात ते पाय, जांघ, रक्त, प्लीहा, अस्थिमज्जा हे सारे मिळून. काचेच्या बशीत पेशी वाढवून त्यातले एकेक पाऊल पाहता येते, पण सबंध वाटचाल दिसत नाही. पुतणीचा रोगजंतू होता लीशमॅनिया. वाळूमाशीच्या दंशातून शिरणाऱ्या या जंतूची एक जात बिहारात पिढ्यान्‌पिढ्या काळा आजार पसरवत आली आहे. दुसरी जात कातडीवर व्रण करते. ही दुसरी जात दोन वेगवेगळ्या वंशांच्या उंदरांना टोचली, तर एका वंशाचा व्रण काही आठवड्यांत भरून येतो आणि दुसऱ्या वंशात तोच रोग सर्वांगभर पसरून उंदीर मरतो. जंतू तोच, मात्रा तीच; फरक पडतो तो शरीराच्या उत्तरात. मदतनीस टी-पेशींचे दोन भिन्न स्वभाव असतात, हे मोसमन आणि कॉफमन यांनी १९८६ मध्ये दाखवले, आणि रोगाच्या संदर्भात त्याचा अर्थ लागला तो मोठ्या प्रमाणात या दोन वंशांच्या उंदरांमुळे. एक वाचला आणि एक मेला, म्हणून हे कळले.

या शास्त्राचा आरंभच मुळी एका काट्यापासून झाला. १८८२ मध्ये रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेच्निकॉव्ह इटलीतील मेसिना येथे समुद्रकाठी राहत असताना त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांच्या अंगात गुलाबाचे काटे खुपसले, आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तो काट्याभोवती हलत्या पेशींचा गराडा पडलेला. पेशी शत्रूला गिळतात, ही कल्पना तेथून पुढे आली आणि १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्यासह मिळाले. निरोगी अंगात काटा टोचून पाहणे, ही या विद्येची पहिली कृती होती.

ओडेसा येथे याच मेच्निकॉव्ह यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी पुढे आपल्या मुंबईत आला. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि ऑक्टोबरात हाफकिन कलकत्त्याहून मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत त्यांनी अवघ्या तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. आधी ती सशांवर पाहिली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, पण ते बरे झाले. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या सरकारी वाड्यात गेली, आणि १९२५ पासून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

हाफकिन यांनी आधी स्वतःला टोचून घेतले, ही गोष्ट आपण आदराने सांगतो. सांगितली जात नाही ती त्यापुढची गोष्ट. स्वतःला टोचून घेतल्याने लस घातक नाही एवढेच कळते. ती रोगापासून वाचवते की नाही, हे एका माणसाच्या वाचण्यावरून कळत नाही. कदाचित तो तसाही वाचला असता. त्यासाठी टोचलेले आणि न टोचलेले असे दोन्ही लोक एकाच छपराखाली, एकाच रोगाच्या छायेत असावे लागतात. १८९८ च्या जानेवारीत मुंबईच्या उमरखाडी तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा हाफकिन यांनी कैद्यांना रांगेने बसवले आणि एकाआड एक कैद्याला लस टोचली. मधल्याला टोचली नाही. पुढच्या दिवसांत टोचलेल्यांपैकी थोडे आजारी पडले, पण कोणी दगावले नाही. न टोचलेल्यांपैकी अधिक आजारी पडले आणि काही दगावले. त्यातून लसीचा गुण सिद्ध झाला. त्या ज्ञानाची किंमत मोजली ती रांगेतल्या मधल्या माणसाने.

त्या मधल्या माणसाविषयी मी अनेक दिवस विचार करीत आहे. तो कोण होता, कोणत्या गुन्ह्यासाठी आत आला होता, त्याने टोचून घेण्यासाठी दंड पुढे केला होता की भीतीने मागे घेतला होता, काहीच ठाऊक नाही. तो मधला ठरला तो केवळ बसण्याच्या क्रमाने. एक जागा पुढे सरकून बसला असता तर कदाचित जगला असता. हाफकिन यांच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतील, आणि त्या खऱ्या आहेत. प्लेग त्यांनी आणला नव्हता. तो आधीच तुरुंगात शिरलेला होता. शिवाय लस गुणकारी आहे हे तेव्हा निश्चितपणे कोणालाच म्हणता येत नव्हते. माहीत असूनही कोणाला वंचित ठेवले, असे झाले नाही. उलट माहीत असूनही वंचित ठेवले, तर काय होते, याचे उदाहरण पुढच्या शतकाने दाखवले. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ पासून उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना 'अभ्यासासाठी' उपचाराविना ठेवले गेले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही, आणि हा प्रकार १९७२ पर्यंत चालला. उमरखाडी आणि टस्कीगी यांत मोठे अंतर आहे. पण दोन्हीकडे कोणाला तरी काहीच दिले नव्हते, आणि जे कळले ते त्याच्याकडून कळले, हे साम्य नाकारता येत नाही.

माणसांच्या बाबतीत पुढे नियम आले. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने आणि १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने संमती ही पहिली अट ठरवली. २०२१ मध्ये इंग्लंडात ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या राजीखुशीने कोरोनाचा विषाणू देण्यात आला. तेथे रोग दिला गेला, पण घेणाऱ्याने तो जाणून घेतला. उंदराला असे विचारता येत नाही. म्हणून माणसाच्या रांगेतली मधली जागा आपण आता बहुतांशी प्राण्यांना दिली आहे.

हे सारे हातोदपासून फार दूरचे वाटेल. मलाही वाटत होते. त्या रात्री आईने फोनवर विचारले, "अगं पोरी, पण त्या मुक्या जिवांनाच का?" तेव्हा पुतणी जरा थांबून म्हणाली, "आजी, तुझ्या दंडात जी लस गेली, तीसुद्धा अशीच आली." आणि तिने नागपूरच्या माकडांची हकीकत सांगितली.

२०२० मध्ये आपल्या देशात कोव्हॅक्सिन ही लस तयार होत असताना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला चाचणीसाठी लालतोंडी माकडे हवी होती. टाळेबंदीमुळे वस्तीतले अन्न संपून माकडे रानात पांगली होती. शोध घेता घेता ती नागपूरच्या बाजूला सापडली, आणि वीस माकडे पुण्याला आणली गेली. त्यांचे पाच-पाचांचे चार गट केले. तीन गटांना लसीचे तीन प्रकार दिले. चौथ्या गटातल्या पाचांना लस दिली नाही. नंतर वीसही माकडांच्या नाकात आणि श्वासनलिकेत जिवंत विषाणू सोडला. लस मिळालेल्यांची फुफ्फुसे बचावली; त्या पाचांना न्यूमोनिया झाला. सप्टेंबर २०२० मध्ये निष्कर्ष जाहीर झाले, आणि पुढे त्याच लसीचे दोन डोस २०२१ च्या उन्हाळ्यात हातोदच्या सरकारी दवाखान्यात माझ्या आईला मिळाले.

आई काही बोलली नाही. आमच्या घरी शनिवारी मारुतीला तेल आणि रुईची माळ वाहण्याचा नेम तिने सत्तर वर्षे पाळला आहे. त्या शनिवारीही तिने तो पाळला. परत येताना मात्र एवढेच म्हणाली, "पाचजणांना काहीच दिलं नाही म्हणायचं."

या प्रश्नाला सामान्यतः तीन उत्तरे दिली जातात. ती तिन्ही मी पुतणीला देऊन पाहिली आणि तिन्ही अपुरी वाटली.

पहिले उत्तर हिशेबाचे. पाच माकडे गेली, पण कोट्यवधी माणसांना संरक्षण मिळाले. दहा उंदीर गेले, पण एखाद्या रोगाचा उलगडा झाला. हा हिशेब खोटा नाही. पण तो एकटा पुरेसा मानला, तर त्याला थांबण्याची जागा उरत नाही. टस्कीगीतल्या डॉक्टरांनीही आपल्या मनाशी असाच हिशेब मांडला असेल. पुष्कळांच्या कल्याणासाठी थोड्यांचा बळी, हे सूत्र त्या थोड्यांत कोण बसवायचे हे सांगत नाही. ते नेहमी दुबळ्याकडे बोट दाखवते. पूर्वी कैदी, मग गरीब, आता प्राणी.

दुसरे उत्तर असे की उंदीर तो उंदीर. त्याची आणि माणसाची बरोबरी काय? आपल्या इंदूरला हे पटायला अवघड जाऊ नये. प्लेगच्या सालांत माणसे घरे सोडून शेतावर झोपड्या टाकून राहिली, या हकीकती आपल्यापैकी पुष्कळांनी आजी-आजोबांकडून ऐकल्या आहेत. १९१७ मध्ये नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इंदूरला आले असता त्यांनी दिवाळीच्या सुमारास स्वच्छतेची जी प्रचंड मिरवणूक काढवली, तिच्यात उंदराची अवाढव्य प्रतिकृतीही होती. उंदीर म्हणजे मृत्यूचा दूत, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते. पण रोगप्रतिकारशास्त्राच्या अभ्यासकाला हे उत्तर वापरताच येत नाही. उंदराचे शरीर संसर्गाला जसे उत्तर देते, तसेच पुष्कळ अंशी माणसाचे देते, एवढ्याच आधारावर तर त्याचा प्रयोग उभा आहे. ग्रंथी त्याच, पेशी त्याच, सूज तीच. मग सूज सारखी आणि वेदना मात्र नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणणार? साम्य नसेल तर प्रयोग व्यर्थ, आणि साम्य असेल तर वेदनेचेही साम्य मानले पाहिजे.

तिसरे उत्तर अहिंसेचे: हे करूच नये. आपल्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जैन कुटुंबांमुळे या उत्तराचे गांभीर्य आपल्याला ठाऊक आहे, आणि मला त्याविषयी आदर आहे. परंतु हे उत्तर देणाऱ्याने स्वतःच्या दंडाकडे पाहावे लागते. देवी गेली, पोलिओ गेला, धनुर्वात आणि घटसर्प यांची भीती उरली नाही; या प्रत्येकामागे कोणत्या ना कोणत्या मुक्या जीवाची रांग आहे. लस घ्यायची आणि प्रयोग करणाऱ्याला पापी म्हणायचे, यात पाप टळत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या हातांवर ढकलले जाते. महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण मिथिलेच्या धर्मव्याधाकडे धर्म शिकायला जातो. मांस विकणारा तो व्याध त्याला सांगतो की नांगर चालतो तेव्हा जमिनीतले असंख्य जीव मरतात. हिंसेपासून सर्वस्वी मोकळा असा कोणी नाही. आम्ही शेती करणारी माणसे. सोयाबीनच्या शेतात नांगर फिरला की मागे बगळे कशासाठी उतरतात, हे आम्हाला सांगावे लागत नाही. धर्मव्याध हे सांगतो ते हिंसेला मोकळीक म्हणून नव्हे. आपले हात कोरे आहेत, हा कौशिकाचा समज तो दूर करतो, एवढेच.

तर मग उरते काय? आपल्या परंपरेत एक जुना शब्द आहे: ऋण. देवांचे, ऋषींचे, पितरांचे, माणसांचे ऋण मानले, तसेच भूतमात्रांचेही मानले, आणि ते फेडण्यासाठी रोजच्या पाच यज्ञांत भूतयज्ञ सांगितला. माझी आई जेवणाआधी गाईचा घास काढते आणि मुंग्यांना साखर घालते, ते याचेच उरलेले रूप. मला वाटते, पुतणीच्या प्रश्नाला हा शब्द इतर तीन उत्तरांपेक्षा जवळचा आहे. हिशेबवाला म्हणतो, फायदा झाला, व्यवहार संपला. ऋण मानणारा म्हणतो, फायदा झाला, म्हणूनच देणे लागतो. त्यात केलेल्या कृत्याचे समर्थन नाही आणि ते नाकारणेही नाही. परंतु ऋण शब्दाचा एक धोका आहे. तो नुसता उच्चारल्याने मन हलके होते आणि वागण्यात काही फरक पडत नाही. म्हणून हे ऋण मानणाऱ्याने प्रत्यक्ष काय करावे, हे सांगितले पाहिजे.

एक तर, गरजेपेक्षा अधिक घेऊ नये. रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज अभ्यासकांनी १९५९ मध्ये तीन गोष्टी सांगितल्या: प्राण्याऐवजी दुसरे काही चालत असेल तर ते वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, आणि त्यांच्या वेदना कमी करा. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम याच दिशेने जातात. प्राण्यांवर काम करणाऱ्या संस्थेत नीतिसमिती असावी लागते, आणि तिच्यात विज्ञानाबाहेरचा एक जाणता नागरिकही असतो. मार्च २०२३ मध्ये सरकारने औषधचाचणीच्या नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशींवरील आणि संगणकावरील पद्धतींनाही मान्यता दिली. उंदराची जागा हळूहळू रिकामी होत जाईल, अशी आशा करावयास जागा आहे. पण ती अजून रिकामी झालेली नाही.

दुसरी गोष्ट मात्र कोणत्याही समितीला तपासता येत नाही. तिच्याविषयी मी जे शिकलो ते मार्चमधल्या एका प्रसंगातून.

पुतणीला दर आठवड्याला प्रत्येक उंदराच्या पायाची जाडी मोजून वहीत लिहावी लागे. सूज वाढते की उतरते, यावर सारा निष्कर्ष अवलंबून होता. रंगपंचमीला ती घरी आली. इंदूरची गेर पाहिल्याशिवाय तिची रंगपंचमी होत नाही. त्या आठवड्याचे मोजमाप करण्याचे काम तिने एका सहाध्यायावर सोपवले होते, आणि तो विसरला. परत गेल्यावर तिला कळले, तेव्हा तिने फोन केला. आवाज रडवेला. सहाध्यायी म्हणाला होता, त्यात काय एवढे. आधीच्या आणि नंतरच्या आठवड्याचे आकडे आहेत, मधला आकडा काढून भरून टाक. कोणाला कळणार नाही, आणि निष्कर्षही बदलणार नाही. "काका, तो बरोबर म्हणतोय," ती म्हणाली. "निष्कर्ष खरंच बदलणार नाही. आणि रकाना रिकामा दिसला, तर माझे गुण जातील."

मी काही बोलण्याआधी आईने फोन मागून घेतला. तिला मोजमाप, रकाने, यातले काही नीट कळले होते असे मी म्हणणार नाही. ती एवढेच म्हणाली, "ज्याच्या जिवावर शिकतेस, त्याच्या नावावर खोटं लिहू नकोस."

मला वाटते, ऋणाचा खरा अर्थ तिने सांगितला. त्या उंदराला आपण रोग दिला, मिठाचे पाणी दिले, पिंजरा दिला. त्याच्याकडून आपण घेतले ते फक्त सत्य: त्या दिवशी त्याचा पाय किती सुजला होता. तो आकडा त्याच्या वेदनेतून आलेला असतो. तो न घेता आपल्या मनाने लिहिला, तर वेदना होऊन गेलेली असते आणि तिच्या मोबदल्यात काहीच मिळालेले नसते. एक खोटा आकडा पुढे दहा खोट्या समजुती घेऊन येतो. मग दुसरे कोणी तोच प्रयोग पुन्हा करते, आणि आणखी वीस उंदरांना रोग दिला जातो. निष्काळजीपणे आखलेला प्रयोग, गैरसोयीचा म्हणून दडपलेला निष्कर्ष, पदवीसाठी केलेली आणि कोणीही न वाचलेली मोजमापे, या सर्वांची गणना मी याच दोषात करतो. त्यांत क्रूरतेचा हेतू नसतो. पण ज्यांना काहीच दिले नव्हते, त्यांच्याकडून घेतलेले तेवढे एक तेथे वाया जाते. उमरखाडीच्या रांगेतला मधला माणूस वाया गेला नाही, याचे कारण त्याचा आकडा खरा लिहिला गेला.

पुतणीने दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि पुढच्या वेळी मोजमाप स्वतःच करण्यास बजावले. प्रबंधाची एक प्रत आता हातोदच्या घरी आहे. त्यातल्या सातव्या तक्त्यात पाचव्या आठवड्याची ओळ रिकामी आहे आणि खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे की त्या आठवड्यात नोंद घेतली गेली नाही. गुण थोडे कमी पडले, पण उत्तीर्ण झाली, आणि पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षेची तयारी आता सुरू आहे.

तिचा प्रश्न मी विसरलेलो नाही. त्या वीस उंदरांना रोग देण्याचा अधिकार तिला होता, असे मी आजही ठामपणे म्हणू शकत नाही. नव्हता, असे म्हणण्याचा अधिकार, आईच्या दंडात ती लस गेल्यानंतर, मला उरलेला नाही. ती पुढे जाणार असेल तर तिने जावे, आणि दर वेळी चिठ्ठी उचलताना तिला तसेच जड वाटावे, अशी माझी इच्छा आहे. ज्या दिवशी ते जड वाटेनासे होईल, त्या दिवशी तिने हे काम सोडावे. एवढेच मी तिला सांगितले आहे. आणि तो रिकामा रकाना जपून ठेव, असेही सांगितले आहे.